ओढ्याकाठची किरळ

१

मेंढरं ओढ्याच्या काठावर आडवीतिडवी पडली होती. दोन अजून पाय झाडत होती, पण डॉ. वैजयंतीनं स्कूटर स्टँडला लावेपर्यंत तीही थंडावली.

रविवार होता. मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा सोलापुरात दुपारी होता आणि सरकारी पशुवैद्य म्हणून बोलावणं आलं तेव्हा वैजयंतीच्या अंगावर नवी इरकल होती. पर्समधला फोन एकसारखा थरथरत होता. मंगळवेढा रस्त्यावर शहर संपतं तिथं उजवीकडं ही वस्ती. सिद्धाप्पा मेंढक्याचा कळप इथलाच, आणि सिद्धाप्पा आता तिच्यापुढं हात जोडून उभा होता.

"बाई, काय झालं वो माझ्या लक्ष्मीला?"

वैजयंतीनं पदर खोचला आणि एका मेंढीवर वाकली. तोंडाला फेस, रक्त लालभडक, मरण झटपट. तिनं मान वर केली तर समोर हिंदुरावचं रान. ज्वारी काढून झाली होती, पण त्या आठवड्यात दोनदा अवकाळी पडला आणि धसकटांना हिरवेगार फुटवे आले होते. असले कोवळे फुटवे म्हणजे जनावराला विष. या भागात त्याला किरळ म्हणतात आणि किरळ लागून जनावर मेलं तर ते कसं दिसतं हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"कळप कुणाकडं होता?"

"माज्याकडं." सिद्धाप्पाची सून गौरम्मा पुढं आली. अक्कलकोटकडची पोर, लग्नाला तीनेक वर्षं झालेली. "पर मी तिकडं सोडलीच न्हाईत, बाई. त्या बाभळीखाली हुती. शेंगा खात हुती."

"अगं, कळप मोठा असतो. डोळा चुकतो," वैजयंती समजुतीच्या सुरात म्हणाली.

समजूत काढायचीच होती तिला. पण सरकारी डॉक्टरीणबाईच्या तोंडून असं वाक्य निघालं की त्याचा निकाल होतो, हे त्या वेळी तिच्या डोक्यात आलं नाही. तिनं एक मेंढी फाडली, सवयीनं पोटातला थोडा चोथा बाटलीत भरला, आणि त्याच्याकडं न बघताच बाटली पिशवीत टाकली. बघायचं काय होतं? "किरळच," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणत तिनं कागदावर तेच लिहिलं आणि सही ठोकली.

भोवती माणसं जमली होती. सिद्धाप्पा मटकन खाली बसला. सगळ्या हयातीत त्याच्या कळपाला किरळ लागली नव्हती, ही त्याची मिरवायची गोष्ट होती. त्याचा मुलगा बिरुदेव बायकोकडं असा बघत होता की वैजयंतीनं नजर दुसरीकडं वळवली.

"मी खोटं बोलत न्हाय," गौरम्मा मागून म्हणाली.

कुणी वळून पाहिलं नाही. वैजयंतीनंही नाही. तिनं स्कूटरला किक मारली.

२

त्या आठवड्याच्या अखेरीला गौरम्माची सासू अंबुबाई लंगडी शेळी घेऊन दवाखान्यात आली. शेळीच्या खुरातला काटा काढता काढता वैजयंतीनं सहज विचारलं, "सून कशी आहे?"

"माहेरी धाडली." अंबुबाई शेळीचे कान कुरवाळत राहिली. "बिरुदेवानं सोताच यष्टीत बसवली. म्हनला, मेंढरं गेली त्येचं काय न्हाय, पर कबूल कर. ही कबूलच करंना. वर म्हनती डाक्टरीणबाईचं चुकलंय. आता तुमच्याम्होरं तिचं कोन ऐकनार?"

वैजयंतीच्या हातातला चिमटा थांबला. मेंढरांवरून पोरीचा संसार मोडेल असं तिला वाटलं नव्हतं. खरं तर त्या दिवसानंतर तिनं त्याचा विचारच केला नव्हता. साखरपुड्यात ती दोन वाट्या बासुंदी प्यायली होती.

"आनि पायगुन बी वंगाळच म्हनायचा की," अंबुबाई पुढं म्हणाली. "त्याच दिशी आमचा कुत्रा बी गेला."

"कुठला कुत्रा?"

"राखनीचा. मोत्या. मेंढरासंगं सावलीवानी असायचा. लांब तिकडं घानेरीच्या जाळीत पडला हुता, म्हनून तुमाला दिसला न्हाय. सांजच्याला गावला. आमी म्हनलं, पान लागलं असंल."

"अंगावर सापाचे दात दिसले?"

"न्हाय वो. तोंडाला फेस हुता."

"कळपात तो कुठं चालायचा? मागं?"

"मागं कशाला? पानी दिसलं की पयला त्योच पळायचा."

वैजयंतीनं शेळीचा पाय खाली ठेवला. किरळीनं शेळी मरते, मेंढी मरते, गाय-म्हैस मरते. कुत्रा काही ज्वारीचे फुटवे खायला जात नाही. एवढी साधी गोष्ट!

अंबुबाई गेल्यावर तिनं दवाखान्याचा फ्रिज उघडला. लसींच्या मागं ती बाटली तशीच होती. तिनं चोथा ताटलीत ओतला आणि चिमट्यानं उकलत गेली. बाभळीच्या शेंगा. बाभळीच्या बिया. सुकलेलं गवत. पुन्हा शेंगा. हिरवा धागा तिनं शोधून शोधून पाहिला आणि तो नव्हताच.

गौरम्मा खरं बोलली होती, आणि ते खोटं ठरवणारी सही वैजयंतीची होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती ओढ्यावर गेली. बाभळीपासून थोड्याच अंतरावर एक डबकं होतं. अवकाळीनंतर ओढा आटत आला होता, पण या डबक्याला वरच्या अंगानं बारीकसा पाझर होता. काठावर पांढरी खपली धरली होती, विड्याच्या डबीच्या तोंडाला चुना वाळतो तशी. चिखल राखाडी आणि पिठासारखा मऊ. त्यात दोन-तीन लालसर काळी खापरं आणि ब्रशाचे तुटके केस होते. तिनं पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि चिखलही घेतला.

"आता काय त्या घाणीतनं काडताय, म्याडम?" हिंदुराव बांधावर उभा होता. सिद्धाप्पाचं आणि त्याचं चराईवरून जुनं वैर. मागच्या वर्षी त्यानं एका मेंढीचा पाय मोडला होता, असं वस्तीत बोलत.

"हिंदुराव, मेंढरं तुमच्या रानात शिरली होती का?"

"शिरली असती तर तुमाला मेंढरं मोजाया बोलावलं असतं, तपासाया न्हाय." तो हसला. मग जरा वरमला. "ही बगा रानाभवतीची माजी काटेरी वई. एक काटा हलला न्हाय. मी त्याच दिशी सांगनार हुतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी किरळ म्हनला. मी कशाला मदी पडू? म्हातारा लई मिरवायचा, माज्या कळपाला कदी किरळ न्हाय. म्हनलं, जिरली." त्यानं पायानं ढेकूळ फोडलं. "पोरीला धाडून देतील हे काय म्या धरलं न्हवतं."

त्याला दोष द्यायला वैजयंतीला तोंड नव्हतं. तिनं ओढ्याच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. "वर काय काय आहे?"

"माज्या रानाच्या वर दोनच जागा. त्यो सोमेश, दागिन्याला सोन्याचं पानी देतोय, त्येची पत्र्याची शेड. आनि त्येच्या म्होरं तुमचं बसप्पाअण्णा."

वैजयंतीला एकदम हायसं वाटलं. अण्णा! तिच्या वडिलांचे जिवलग दोस्त. कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीत सोनं पारखणाऱ्या प्रयोगशाळेत उभी हयात गेलेली, आणि निवृत्तीनंतर इथं ओढ्याकाठी लहानसं घर बांधून राहिलेले. किरळीत जे विष असतं तेच सायनाइड. विष तेच असेल आणि ज्वारी नसेल, तर ते पाण्यातून आलं असणार. आणि सायनाइडबद्दल साऱ्या सोलापुरात अण्णांइतकं कुणाला कळत होतं?

अण्णा दारातच भेटले. "बा वैजू, बा. कूडु." कानडीत या-बसा करून त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं. दाराशी चुन्याची पोती रचलेली होती, पण घराच्या भिंतींना कित्येक वर्षांत चुना लागलेला दिसत नव्हता. खिडकीत माशांच्या पेटीला हवा देणारा लहान पंप आणि त्याची रबरी नळी होती. पेटी मात्र नव्हती.

"मासे पाळले होते का, अण्णा?"

"मेले," अण्णा म्हणाले आणि चहा टाकायला उठले. टेबलावरच्या वाटीत कुठल्या तरी पांढुरक्या धातूचा कीस होता, सुताराच्या रंध्यातून निघतात तशा कुरळ्या सालींचा. वैजयंतीनं तो चाळवला आणि परत ठेवला. तिचं लक्ष बाटलीत होतं.

तिनं सगळं सांगितलं. गौरम्माचंही. अण्णांनी बाटली हातात घेतली आणि उजेडात धरली.

"ठेवून जा. मी तपासतो."

"सायनाइड आणि सोनं यांचं काय नातं आहे हो, अण्णा? सोमेशकडं असतं म्हणून विचारते."

हा प्रश्न अण्णांना विचारला की चहा गार होणार हे वैजयंतीला लहानपणापासून ठाऊक होतं. खाणीच्या गोष्टी ती त्यांच्याच मांडीवर ऐकत आली होती. पण आज ते सावकाश बोलले, प्रत्येक वाक्याआधी थबकून.

"सायनाइडमध्ये सोनं विरघळतं हे स्वीडनमधल्या एका औषधवाल्याला फार आधी कळलं होतं. पुढं एका रशियन सरदारानं तेच सांगितलं. एका जर्मनानं तर हेही सांगितलं की नुसतं विष पुरत नाही, हवा खेळती पाहिजे. पण सगळं कागदावर राहिलं. खाणीतल्या दगडातलं बारीक सोनं निम्मंअधिक वायाच जायचं. मग ग्लासगो शहरात मॅकआर्थर नावाचा रसायनवाला आणि फॉरेस्ट नावाचे दोघे डॉक्टर भाऊ एकत्र आले. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या तळघरात त्यांनी हे करून बघितलं. सोनं विरघळवायचं आणि मग जस्ताच्या किसावर पुन्हा बसवायचं. चुना घालायचा, नाहीतर विष हवेत उडतं."

"आणि जमलं?"

"पहिल्यांदा फसलं. म्हणजे, फसलं नव्हतं. सोनं विरघळलं होतं. पण पाण्यात सोनं आलंय का हे बघायची जी परीक्षा त्यांनी लावली, ती सायनाइडपुढं चालतच नाही. त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी सायनाइडवर काट मारली. जवळजवळ वर्ष गेलं. मग कधीतरी पुन्हा करताना पाण्याचा नाद सोडून मागं उरलेला गाळ तपासला, तर गाळातलं सोनं गेलेलं! अठराशे सत्त्याऐंशी साल. त्यानंतर जगातल्या खाणींचं रूप पालटलं."

"म्हणजे उत्तर समोरच होतं."

"समोरच होतं. बघायची रीत चुकली." अण्णांनी कप खाली ठेवला, तो बशीत वाजला. "माणूस चुकतो, वैजू."

त्यांचे डोळे भरून आलेले पाहून तिला वाटलं, म्हातारपणी खाणीची आठवण येत असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "पाणी स्वच्छ आहे. सायनाइड नाही. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

वैजयंतीनं सुस्कारा सोडला आणि सोडल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली. पाणी स्वच्छ असेल तर गौरम्मा पुन्हा खोटी ठरणार होती. दुसरी बाटली तिनं सरकारी रिवाजाप्रमाणं आदल्याच संध्याकाळी पुण्याच्या प्रयोगशाळेकडं पाठवली होती. ती आता परत मागवायची, की राहू द्यायची?

४

तिनं ती राहू दिली, आणि उत्तर यायच्या आधीच सोमेशची शेड गाठली.

सोमेश तेलुगू घरातला पोरगा, आजोबा विणकर. त्यानं माग सोडून दागिन्यांना सोन्याचं पाणी द्यायचा धंदा धरला होता. पूर्वी तो शहरात होता, पण शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली म्हणून इकडं आला. सायनाइडचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला.

"आहे ना, मॅडम. परवाना आहे. कुलपात असतं. पण माझ्याकडून ओढ्यात थेंब गेला नाही."

"कशावरून?"

"अहो, त्या पाण्यात सोनं असतं! मी ते पाणी फेकलं तर सोनं फेकलं. फडकं पिळलेलं पाणीसुद्धा मी परत त्याच भांड्यात टाकतो. बायको हसते मला."

हे पटण्यासारखं होतं. वैजयंतीनं चिखलातली खापरं त्याच्यापुढं ठेवली. "ही कशाची?"

सोमेशनं एक उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "मूस. सोनार सोनं वितळवतात ती."

"आणि हे केस?"

"पेढीवरच्या ब्रशाचे." आता तो तिच्याकडं बघत नव्हता. "सोनारांच्या दुकानातली झाडलोट, मॅडम. तिच्यात सोन्याचा कण असतो. झारेकरी येतात, ती विकत नेतात आणि पाण्यात धुऊन सोनं काढतात. माझ्या चुलत्याच्या दुकानातली झाडलोट मीच गोळा करून देतो."

"झारेकरी सायनाइड वापरतात?"

"छे! नुसतं पाणी आणि पाटी."

"मग यंदाची झाडलोट कुठल्या झारेकऱ्यानं नेली?"

सोमेश उठला, शेडचं दार लोटलं, परत येऊन बसला. "यंदा विकली नाही. एका म्हाताऱ्या माणसाला दिली. त्यांना नाद होता. जुन्या काळच्या साहेबांनी पहिल्यांदा जसं केलं तसं आपल्या हातानं करून बघायचंय म्हणाले. थोडं औषधही दिलं. देऊ नये, मला कळत होतं. पण ते माझ्या वडिलांसारखे आहेत, आणि या कामातलं माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. मी म्हटलं, त्यांच्या हातून काय चुकणार?"

वैजयंतीचा फोन वाजला. पुण्याहून होता. पलीकडची बाई घाईघाईनं सांगत होती की पाण्यात सायनाइड आहे, भरपूर आहे, आणि तिथं माणसांनी किंवा जनावरांनी जाऊ नये याची आजच्या आज व्यवस्था करा.

म्हणजे एकाच डबक्याच्या दोन बाटल्या होत्या आणि एकीत विष सापडलं होतं. सापडलं नव्हतं ते फक्त अण्णांना.

५

अण्णांनी दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून बाजूला झाले.

"चुना," वैजयंती उभ्याउभ्याच म्हणाली. "घराला लावायचा नव्हता तो. डबक्याच्या काठावर तोच वाळलाय. जस्ताचा कीस या टेबलावर होता, मी हातात घेतला होता. आणि मासे तुम्ही कधी पाळलेच नाहीत. तो पंप हवेसाठी. जर्मनानं सांगितलेली हवा. तुम्ही मला सगळं सांगितलंत, अण्णा. फक्त नाव सांगायचं टाळलंत."

अण्णा खुर्चीत बसले. एकदम लहान दिसायला लागले.

"बघायची रीत चुकली असं मी म्हणालो, तेव्हा तुला कळेल असं मला वाटलं होतं," ते म्हणाले. "कळावं असंही वाटत होतं आणि कळू नये असंही."

"का केलंत हे?"

"हयातभर दुसऱ्यांनी काढलेलं सोनं तोललं, वैजू. एकदा तरी त्या तिघांसारखं, तळघरातल्यासारखं, माझ्या हातानं मातीतनं काढून बघावं वाटलं." त्यांनी खिशातून एक काचेची कुपी काढली. तिच्यात ज्वारीच्या दाण्याहून लहान पिवळा मणी होता. "एवढं निघालं. हे बघून मी रडलो होतो आनंदानं."

"आणि पाणी?"

"मागं खड्डा केला होता. उन्हात ते विष निवत जातं, खाणीवर आम्ही तसंच करायचो. सोलापूरचं ऊन! मी म्हटलं, चार दिवसांत काही राहणार नाही. आणि नेमकं आभाळ भरून आलं. अवकाळीनं खड्डा तुडुंब भरला, कड फुटली. मी फावडं घेऊन धावलो, पण..." त्यांनी हात पसरले. "दुसऱ्या दिवशी ओरडा ऐकला. मी कुंपणापाशी उभा होतो. सांगायला निघालो होतो, खरंच. पायात चप्पल घातली होती. तेवढ्यात तू आलीस आणि किरळ म्हणालीस."

वैजयंती खाली बसली.

"तुझ्या एका शब्दानं मी सुटलो," अण्णा म्हणाले. "देवानंच सोडवलं असं वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो. मग त्या पोरीला घालवून दिलं असं कानावर आलं, तेव्हापासून घास उतरत नाही. तरीही तू बाटली आणून दिलीस तेव्हा पुन्हा खोटंच बोललो. भित्रा आहे मी, वैजू. इतकी वर्षं मला माहीत नव्हतं."

तिला त्यांचा राग यायला हवा होता आणि आलाही. पण त्या रागात तिला स्वतःलाच जास्त लागत होतं. अण्णा लपले होते खरे, पण लपायला आडोसा तिनं दिला होता. बाटलीत बघायला किती वेळ लागला असता? साखरपुड्याची मुलगी काही पळून जात नव्हती.

तिनं तिथूनच फोन लावले. संध्याकाळपर्यंत डबक्याला आणि खड्ड्याला कुंपण पडलं, पोलीस येऊन गेले, अण्णांनी काहीही न लपवता जबाब दिला. सोमेशनंही आपण होऊन दिला. वैजयंतीनं आपला निकाल खोडून नवा लिहिला, आपण तपासणी पुरी केली नव्हती हेही त्यात लिहिलं. वर काय कारवाई व्हायची ती होवो.

"आता?" जबाबावर सही करून अण्णांनी विचारलं.

"आता कायद्याचं झालं," वैजयंती म्हणाली. "आपलं व्हायचंय."

६

गौरम्माचं माहेर अक्कलकोटच्या पुढं. ती शेणानं सारवत होती. दोघांना बघून तिनं हात धुतले, चटई टाकली, पाणी दिलं, आणि समोर उभी राहून सगळं ऐकलं. अण्णा कानडीत बोलले. बोलता बोलता वाकले आणि "तप्पायतु, तायी," चुकलो बाई, असं म्हणत तिच्या पायाकडं हात नेला, तशी ती झटकन मागं सरली. वैजयंतीनंही माफी मागितली.

"माजं खरं हाय हे मला ठावं हुतं," गौरम्मा म्हणाली. "मला सांगाया एवढ्या लांब कशाला आला? जितं खोटी पाडली तितं सांगा."

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळापुढं तीच माणसं जमली. हिंदुरावही आला. बिरुदेव भिंतीला टेकून खाली बघत होता. गौरम्मा आपल्या भावाबरोबर आली आणि बायकांत न बसता एका बाजूला उभी राहिली.

अण्णांनी आपला गुन्हा सांगितला. मेंढरांची भरपाई देईन म्हणाले. मग वैजयंती उठली.

"किरळ नव्हती," ती म्हणाली. "गौरम्मानं त्याच दिवशी खरं सांगितलं होतं. मी घाईत होते. पोटातलं बघितलं नाही. मी चुकले."

मग सिद्धाप्पा काठी टेकत उठला, वैजयंतीपुढं आला आणि दोन्ही हात जोडले.

"बाई, लई मोट्या मनाच्या तुमी. एवडी शिकलेली मानूस, आमच्याम्होरं चूक कबूल केली. कोन करतंय आजकाल?"

"व्हय व्हय," माणसं माना डोलावू लागली. "देवमानूस हायत बाई." कुणीतरी चहा सांगायला पळालं. कुणी अण्णांना बसायला खुर्ची दिली, म्हातारं मानूस, उन्हाचं उभं राहिलंय म्हणून. बिरुदेव तेवढा अजून खालीच बघत होता.

वैजयंतीच्या कानशिलात आग झाली. तिनं चूक कबूल केली तर देवमाणूस, आणि गौरम्मानं न केलेली चूक कबूल केली नाही म्हणून तिला यष्टीत बसवून दिलं होतं! आजही तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

"मला हात जोडू नका, सिद्धाप्पा!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की चहाला पळालेला माणूस वाटेतच थांबला. "माझ्याकडं बघूच नका. मी तुमचं नुकसान केलंय. तिच्याकडं बघा. ती खरी होती. एकटी असूनही खरीच राहिली. तिला काय म्हणणार आहात ते म्हणा."

सिद्धाप्पाचे हात तसेच हवेत राहिले. सासऱ्यानं सुनेला काही म्हणायचं, तेही चार लोकांत, हे त्या देवळापुढं कधी घडलं नव्हतं. त्यानं बायकोकडं बघितलं. अंबुबाईनं डोळ्याला पदर लावला होता, पण मान हलवली. मग म्हातारा हळूहळू वळला, गौरम्मापुढं गेला आणि डोईचं पागोटं काढून काखेत धरलं.

"पोरी," तो म्हणाला. "चुकलो आमी."

सगळ्यांना वाटलं, आता ती म्हणेल, असू द्या मामा. अशा वेळी पोरींनी तेच म्हणायचं असतं. बिरुदेवानं आशेनं मान वर केली. वैजयंतीलाही, खोटं कशाला बोला, तेच ऐकायचं होतं. तेवढं ऐकलं असतं तर तिला झोप लागली असती.

गौरम्मानं सासऱ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं, मग डॉक्टरीणबाईकडं.

"व्हय," ती म्हणाली. "चुकला तुमी."

आणि पदर खोचून ती सासरच्या उरलेल्या मेंढरांकडं चालू लागली.